फळ्यावरची पहिली ओळ
(वाचकांचे प्रश्न, किनाऱ्यावरची उत्तरं)

सव्वीस वर्षं मी एका लहानशा मासेमारी बंदराच्या धक्क्यावरचा फळा लिहिला. बोट केव्हा सुटणार, कोणाची होडी अजून परतली नाही, शाळेच्या मैदानावर संध्याकाळी काय आहे, कोण वारलं, हे सगळं त्यावर यायचं. बातम्या रोज बदलायच्या. पहिल्या ओळीची जागा मात्र मी कधी कोणाला दिली नाही. तिथे आजची भरती आणि आजची ओहोटी. या महिन्यात आलेली पत्रं बहुतेक समुद्रावर जाऊन आलेल्यांची किंवा निघालेल्यांची आहेत, आणि निम्म्या पत्रांचं उत्तर त्या पहिल्या ओळीतच आहे.

प्रश्न : ताई, आम्ही आठवडाभर समुद्राकाठी राहिलो. पहिल्या दिवशी सकाळी सातला पाणी पायऱ्यांशी होतं. निघायच्या दिवशी सकाळी सातलाच गेलो, तर पाणी पार लांब, मुलं ओल्या वाळूत चालून दमली. ओहोटीला उघडणारी वाट पाहायला गेलो, तर तीही बुडालेली. नेमकी कोणती वेळ धरायची?
— दोन मुलांची आई

उत्तर : तुम्ही सात वाजता गेलात, पण पाण्याला सात वाजल्याचं काही नसतं. ते चंद्राच्या वेळेने चालतं. चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा डोक्यावर येतो, म्हणून भरतीही रोज तेवढी उशिरा येते. बहुतेक किनाऱ्यांवर एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत १२ तास २५ मिनिटं जातात. भरतीपासून ओहोटीपर्यंत सहा तासांच्या थोडं वर. आता तुमचा आठवडा मोजा. रोजची पन्नास मिनिटं सात दिवस साठली की जवळजवळ सहा तास होतात. पहिल्या दिवशी सातला भरती होती, तिथे सात दिवसांनी सातला ओहोटी येणारच.

घरात पंचांग असेल तर एक जुना हिशेब सांगते. जिथे पौर्णिमा-अमावास्येला दुपारी बाराच्या सुमारास भरती येते, आणि मुंबईचा किनारा असा आहे, तिथे तिथीची पाऊणपट करायची. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचार. शुद्ध पंचमी असो की वद्य, भरती पावणेचारच्या आसपास, पहाटे एकदा आणि दुपारी एकदा. हा हिशेब ढोबळ आहे, अर्धा तास इकडेतिकडे होतो. फिरायला कधी निघायचं ते ठरवायला पुरतो, खडकावर चढायला पुरत नाही. त्यासाठी छापील तक्ताच बघा. भारतातल्या बंदरांचे तक्ते भारतीय सर्वेक्षण विभाग काढतो आणि आता फोनवरही वेळा मिळतात. फक्त तुमच्या जवळच्या बंदराच्या बघा. शंभर किलोमीटरवरच्या बंदराची वेळ तुमच्या खाडीला लागू पडेलच असं नाही.

तक्त्यात वेळेशेजारी मीटरमध्ये आकडा असतो, तो बहुतेक जण वाचतच नाहीत. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, आणि त्यानंतरचे एक-दोन दिवस, उधाणाचे. तेव्हा पाणी फार वर चढतं आणि फार लांब ओसरतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाणी ना धड चढत ना धड उतरत. तुमची ती वाट बहुधा भांगाच्या दिवशी पाहायला गेलात. अशा दिवशी ओहोटीच्या ऐन वेळेलाही कित्येक वाटा उघड्या पडत नाहीत. पाण्याचा हा चढउतार जागेप्रमाणेही बदलतो. मुंबईला मोठ्या उधाणात भरतीचा आकडा साडेचार-पाच मीटरला टेकतो, चेन्नईला सगळा चढउतार मिळून जेमतेम मीटरभर. कॅनडाच्या फंडी उपसागरात तो १६ मीटरपर्यंत जातो. ओडिशातल्या चांदीपूरला किनारा इतका सपाट आहे की ओहोटीला पाणी पाच किलोमीटरपर्यंत मागे जातं. भूमध्य समुद्राच्या बऱ्याच किनाऱ्यांवर मात्र आठवडाभर राहूनही फारसा फरक जाणवत नाही.

आणखी एक गोष्ट मुलांना वाळूवर आकडे लिहून शिकवा. पाणी सहा तास एकाच वेगाने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग करा. पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, मग दोन, मग एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी येतं. लोक फसतात ते इथेच. ओहोटीनंतर तासभर पाणी हलल्यासारखंच वाटत नाही, आणि मग एकदम मागची वाट दिसेनाशी होते. वाट बघायला जायचं तर ओहोटीच्या दीड तास आधी निघा आणि तक्त्यातली ओहोटीची वेळ झाली की परत फिरा.

तक्त्यावर डोळे मिटून विसंबू नका, हेही सांगायलाच हवं. तक्त्यात चंद्र-सूर्य असतात, वारा नसतो. हवेचा दाब एक हेक्टोपास्कल उतरला की पाणी साधारण एक सेंटिमीटर चढतं, आणि त्यात किनाऱ्याकडे वारा असेल तर आणखी. १९५३ च्या ३१ जानेवारीच्या रात्री उत्तर समुद्रात वादळ आणि उधाण एकत्र आलं, त्यात एकट्या नेदरलँड्समध्ये १८०० वर माणसं गेली. म्हणून फळ्यावर भरतीच्या ओळीखालची दुसरी ओळ मी वाऱ्याची लिहीत असे.

प्रश्न : मावशी, मी पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दर सुट्टीत ‘समुद्राने ओढून नेले’ अशी बातमी येते. पाणी कमरेएवढं असताना चांगला पोहणारा मुलगा कसा जातो? आणि अशी बातमी लिहायची कशी?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : तू दोन्ही प्रश्न एकत्र विचारलेस, याचं फार बरं वाटलं. पहिल्याचं उत्तर माहीत नसलं की दुसरं चुकतंच.

लाटा किनाऱ्यावर पाणी आणून टाकतात. ते पाणी परत जायला वाट शोधतं. वाळूच्या बुडालेल्या दोन बांधांमध्ये कुठेतरी खोलगट जागा असते, नाहीतर खडकाच्या किंवा धक्क्याच्या कडेला असते. तिथून ते सगळं पाणी एका अरुंद पट्ट्यात समुद्राकडे पळतं. इंग्रजीत त्याला रिप करंट म्हणतात, मी ‘ओढ’ म्हणते. तिचा वेग कधी कधी सेकंदाला दोन मीटरच्या वर जातो. ऑलिंपिकमधला पोहणाराही तिच्या विरुद्ध पोहून किनारा गाठू शकत नाही. पुष्कळ ठिकाणी पाणी उतरत आलेलं असताना, ओहोटीच्या सुमारास, ती जास्त जोर धरते.

तिचं सगळ्यात वाईट म्हणजे ती दिसायला शांत असते. दोन्ही बाजूंना लाटा फुटून फेस झालेला, आणि मध्ये एक गडद, न फुटणारा पट्टा. लहान मुलं घेऊन आलेले आईबाप नेमकी तीच जागा निवडतात, कारण ‘इथे लाटा नाहीत’. पाण्यात उतरण्याआधी उंचावर उभं राहून दहा मिनिटं बघायचं. फेस, पालापाचोळा, ढवळलेली वाळू समुद्राकडे जाताना दिसली की ती जागा सोडायची.

ओढ माणसाला खाली खेचत नाही, बाहेर नेते. बुडतो तो तिच्याशी झगडून दमल्यामुळे. सापडलंच तर आधी पाठीवर तरंगायचं, श्वास सांभाळायचा, हात वर करून हाक मारायची. ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर पोहायचं, पट्टा ओलांडला की लाटांबरोबर तिरकं आत यायचं. काठावरच्याने मागोमाग उडी टाकायची नाही. एकाच घरातली दोघं-तिघं जातात ती अशी. रिकामा कॅन, चेंडू, टायर, जे तरंगेल ते फेकायचं आणि मदत बोलवायची. भारतात तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आहे, तो फोनमध्ये आत्ताच टाकून ठेव. जिथे जीवरक्षक असतात तिथे लाल-पिवळ्या निशाणांच्या मध्येच पोहायचं. नुसतं लाल निशाण म्हणजे धोका, दोन लाल म्हणजे पाणी बंद. जांभळं दिसलं तर पाण्यात जेलीफिशसारखे डंख मारणारे प्राणी आहेत असं समजायचं.

आता बातमी. ‘समुद्राने ओढून नेले’ या वाक्यात वाचणाऱ्याच्या उपयोगाचं काही नाही. समुद्राने मुद्दाम कोणाला नेलेलं नसतं. किती वाजता, भरती चढत होती की उतरत होती, किनाऱ्याच्या कोणत्या भागात, खडकाजवळ की मोकळ्या वाळूवर, निशाण होतं का, जीवरक्षक होता का, हे लिही. गेलेल्याचं वय लिही. तो कोणाचा कोण हे घरच्यांची परवानगी असेल तरच. आणि ‘पोहता येत नव्हते’ असं कोणालातरी विचारून लिहू नकोस. माझ्या फळ्यावर मी अशा नऊ ओळी लिहिल्या. त्यातल्या चार जणांना उत्तम पोहता येत होतं. पहिल्या दोन मी ‘लाटेने नेले’ अशाच लिहिल्या होत्या. तिसऱ्या वेळी खडूने फळ्याच्या कोपऱ्यात किनाऱ्याचा नकाशा काढला आणि ती जागा गोल करून दाखवली. त्या गोलापाशी नंतर लोक थांबून बोट ठेवून बघायचे.

प्रश्न : गेल्या हिवाळ्यात आम्ही मित्र समोरच्या खडकावर गेलो आणि मागे पाणी भरलं. एक म्हातारे गृहस्थ काठावरून ओरडत होते, आम्हाला वाटलं उगाच. दीड तास खडकावर उभे होतो, शेवटी होडीने काढलं. घरी कोणाला सांगितलं नाही. अजून झोपेत दचकतो.
— एक वाचक, वय २४

उत्तर : तू लिहिलंस हे फार चांगलं केलंस. घरीही सांग. दचकणं हळूहळू कमी होईल. होत नसेल, तर डॉक्टरांशी बोलायला संकोच करू नकोस.

तुला एक सांगते, हे मी आजवर छापून कुठे सांगितलेलं नाही. एका नोव्हेंबरात मी तक्त्यातली एक ओळ खालची वाचली आणि उद्याच्या वेळा आजच्या म्हणून फळ्यावर लिहिल्या. फरक पन्नास मिनिटांचाच. ओहोटी तीनला होती, मी दहा मिनिटं कमी चार लिहिली. फळा वाचून एक नवरा-बायको आणि त्यांची मुलगी खडकावर गेली. पावणेपाचला मधल्या चरात पाणी त्यांच्या छातीपर्यंत होतं. जाळी धुणाऱ्या दोघांनी त्यांना पाहिलं म्हणून ती तिघं वाचली. ती बाई धक्क्यावर आली, ओल्या साडीने फळ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, ‘आम्ही तर वाचून गेलो होतो.’ एवढंच. मी तिच्याकडे जाऊन चूक माझी आहे असं सांगितलं. त्या दिवसापासून तक्त्यावर लोखंडी फूटपट्टी ठेवून वेळ वाचते, आणि लिहिल्यावर दुसऱ्या कोणाकडून तरी वाचून घेते.

तुमची चूक एकच, ओरडणाऱ्याकडे दुर्लक्ष. काठावरून कोणी ओरडत असेल तर आधी परत फिरायचं, मग विचारायचं काय झालं ते.

पाणी असं मागून भरतं ते सगळीकडे. इंग्लंडच्या वायव्येला मोरकॅम्ब उपसागर आहे. ओहोटीला तिथे कित्येक किलोमीटर वाळू उघडी पडते, मध्ये चर आणि रुतवणारी वाळू. ५ फेब्रुवारी २००४ च्या रात्री तिथे शिंपल्या वेचणारे २३ चिनी मजूर भरतीत सापडून गेले. त्यांना ना तिथली वाळू माहीत होती, ना पाण्याच्या वेळा. आणि त्याच वाळूवर १५४८ पासून राजाने नेमलेला वाटाड्या असतो. सेड्रिक रॉबिन्सन नावाच्या मच्छीमाराने १९६३ ते २०१९ इतकी वर्षं ते काम केलं. हजारो लोकांना घेऊन तो वाळू ओलांडायचा, आणि प्रत्येक वेळी आधी स्वतः जाऊन, वाट तपासून, लॉरेलच्या फांद्या रोवून यायचा, कारण कालची वाट आज तिथे असेलच असं नाही. छप्पन वर्षं काढलेल्या माणसालाही तपासावं लागायचं, हे मी दर वर्षी शाळेतल्या मुलांना सांगत आले.

फ्रान्समध्ये नुआरमुतिए बेटाकडे जाणारा चार किलोमीटरच्या वर लांबीचा गुआचा रस्ता भरतीत पूर्ण बुडतो. दोन्ही टोकांना वेळांच्या पाट्या आहेत. तरी लोक सापडतातच, म्हणून वाटेत शिडीचे उंच खांब उभारलेत, चढून बसायला. असे खांब आपल्याकडच्या दोन-चार धोक्याच्या खडकांवर असावेत असं मला फार वाटतं.

प्रश्न : आमच्या तरुण मंडळाला समुद्रकिनाऱ्यावर धावण्याची शर्यत, वाळूशिल्पं आणि पौर्णिमेच्या चांदण्यात गाण्यांचा कार्यक्रम ठेवायचा आहे. तारीख कशी काढू?
— मंडळाचा चिटणीस

उत्तर : तारीख नंतर. आधी ओहोटी कधी आहे ते काढा.

धावायला ओली, घट्ट वाळू लागते. ती ओहोटीच्या दोन तास आधीपासून मिळते. उधाणाचा दिवस धरलात तर पट्टा रुंद मिळेल. वाळूशिल्पांना मात्र भांगाचा दिवस बरा. उधाणाच्या दिवशी वर सुक्या वाळूत करावी लागतात, ती ढासळतात. खाली केली तर परीक्षक येईपर्यंत पाणी येतं.

पौर्णिमेचं गणित वेगळं आहे आणि बऱ्याच आयोजकांना ते ठाऊक नसतं. एका बंदरात पौर्णिमेची भरती दर महिन्याला जवळपास त्याच घटकेला येते. मोठं उधाण कधी रात्री आठला, कधी पहाटे चारला असं एका जागी होत नाही. म्हणजे तुमच्या किनाऱ्यावर एका पौर्णिमेला रात्री दहाला पाणी कुठे होतं हे एकदा पाहून ठेवलं की सगळ्या पौर्णिमांचं कळलं. जिथे मध्यरात्री बाराच्या सुमारास भरती असते तिथे रात्री नऊला टाकलेल्या सतरंज्या साडेदहाला उचलाव्या लागतील. त्याऐवजी चतुर्दशी-पौर्णिमेला चंद्र उगवता उगवता, म्हणजे संध्याकाळी, कार्यक्रम उरका. तेव्हा तिथे ओहोटी असते आणि वाळू मोकळी.

आपण पाण्याच्या वेळेला कार्यक्रम बसवतो ही काही अडचण समजू नका. जगातले काही मोठे सोहळे त्यावरच उभे आहेत. चीनमध्ये च्यानतांग नदीच्या मुखातून भरतीची भिंतीसारखी लाट आत शिरते, ती बघायला आठव्या चांद्रमासाच्या अठराव्या दिवशी लोक लोटतात, पौर्णिमेनंतर दोन-तीन दिवसांनी, म्हणजे ऐन उधाणात. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर ग्रुनियन नावाचा वीतभर रुपेरी मासा मार्च ते ऑगस्टमध्ये पौर्णिमा-अमावास्येनंतरच्या रात्री भरतीबरोबर चक्क वाळूवर येतो, मादी शेपटीवर उभी राहून वाळूत अंडी घालते, आणि पुढच्या उधाणाची लाट लागली की पिल्लं बाहेर पडतात. तिथला मत्स्य विभाग या रात्रींचं वेळापत्रक आधीच जाहीर करतो. अमेरिकेच्या पूर्वेला डेलावेअर उपसागरात मे-जून महिन्यांत उधाणाच्या रात्री नालखुरी खेकडे (हॉर्सशू क्रॅब) अंडी घालायला वर येतात, आणि गावोगावचे लोक विजेऱ्या घेऊन त्यांची मोजदाद करायला जातात. मला असले कार्यक्रम फार आवडतात. व्यासपीठ नाही, हार नाहीत, सगळे जण वाकून वाळूकडे बघताहेत.

तुमच्या किनाऱ्यावर कासवं अंडी घालत असतील तर त्या महिन्यांत रात्रीचा कार्यक्रम नकोच. पिल्लं घरट्यातून निघून उजेडाच्या दिशेने जातात. मोकळ्या किनाऱ्यावर तो उजेड समुद्राकडे असतो. तुम्ही झोत लावलेत की ती तुमच्याकडे येतील आणि सकाळच्या उन्हात मरतील. खुर्च्यांचे ढीग, खोल पायवाटा, गाडीची चाकोरी यांत ती अडकून पडतात. कार्यक्रमानंतर सफाई कराल, ती करा, पण भरतीच्या रेषेवरचं समुद्री शेवाळ प्लास्टिकबरोबर भरून नेऊ नका. किनाऱ्यावरचे पक्षी आणि बारीक खेकडे त्याच्यावर जगतात.

प्रश्न : पाचवीच्या तीस मुलांना खडकांवरची डबकी दाखवायला न्यायचं आहे. काय बघायचं आणि काय सांभाळायचं?
— एक शिक्षिका

उत्तर : बाई, तीस फार आहेत. दहा-दहाचे गट करा, प्रत्येक गटात दोन मोठी माणसं, आणि एक माणूस असा की ज्याने डबक्यात बघायचंच नाही. त्याने फक्त समुद्राकडे बघायचं. ओहोटीच्या दीड तास आधी उतरा आणि पाण्याच्या मागे मागे जा.

वरून खाली जाताना मुलांना पट्टे दाखवा. सगळ्यात वर, जिथे फक्त उधाणाचं पाणी पोचतं, तिथे बारीक गोगलगायी. त्याखाली पांढरे, पाय खरवडणारे बार्नॅकल. मग कालवं आणि शिंपले, आणि अगदी खाली, जे क्वचित उघडं पडतं तिथे, समुद्रफुलं, तारामासे, शेवाळाचे पडदे. कोणाला किती वेळ कोरडं राहणं सोसतं, त्यावर त्याचं घर ठरलेलं आहे. मुलांना हे सांगू नका, विचारा. ती सांगतात.

रॉबर्ट पेन नावाच्या शास्त्रज्ञाची गोष्ट मात्र जरूर सांगा. १९६३ च्या सुमारास वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावरच्या एका खडकावरून तो सगळे तारामासे उचलून पाण्यात भिरकावून द्यायचा, पुन्हा पुन्हा. बाजूचा खडक तसाच ठेवला. काही काळाने पहिल्या खडकावर शिंपल्यांनी सगळी जागा व्यापली आणि बाकीचे कित्येक जीव तिथून नाहीसे झाले. एका शिकाऱ्यामुळे इतकं सगळं टिकून होतं! त्यातूनच त्याने पुढे ‘कीस्टोन’ प्रजातीची, म्हणजे कमानीतल्या कळीच्या दगडाची कल्पना मांडली. माझ्याबरोबर आलेल्या एका मुलाने हे ऐकल्यावर खिशातला तारामासा हळूच परत ठेवला होता.

नियम थोडे. दगड उलटला तर जसा होता तसा परत ठेवायचा, खालचे जीव उन्हात वाळतात. रिकामा वाटणारा शंखही उचलायचा नाही, त्यात खेकडा राहत असतो किंवा राहायला येणार असतो. शंकूच्या आकाराच्या सुंदर नक्षीच्या शंखांना हात अजिबात नाही, त्यातल्या काहींचा डंख माणसाचा जीव घेऊ शकतो. निळ्या फुग्यासारखी ब्लू बॉटल वाळूवर मेलेली दिसली तरी तिचे धागे डसतात. डसलीच तर चोळायचं नाही, गोडं पाणी लावायचं नाही. समुद्राच्या पाण्याने धागे धुऊन काढायचे आणि सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग वीसेक मिनिटं बुडवून ठेवायचा. श्वासाला त्रास वाटला तर थेट दवाखाना. पायांत पट्ट्याचे सँडल हवेत, रबरी सपाता नकोत.

प्रश्न : रात्री निळ्या चमकणाऱ्या लाटा कधी दिसतील?
— छायाचित्रकार

उत्तर : तारीख कोणी देऊ शकत नाही. नॉक्टिल्युकासारखे एकपेशीय जीव पाण्यात दाट झाले आणि पाणी हललं की ते चमकतात. अमावास्येच्या आसपास, गावातल्या दिव्यांपासून लांब, डोळ्यांना वीस मिनिटं अंधाराची सवय होऊ द्या. कॅमेऱ्यात दिसतं तितकं निळं डोळ्यांना दिसत नाही, हे बरोबर येणाऱ्यांना आधी सांगा. ओल्या वाळूवर पाय आपटून बघा. पावलाभोवती ठिणग्या उठल्या की फोटोची आठवणही राहत नाही.

प्रश्न : पाणी अचानक मागे गेलं तर ती ओहोटी की त्सुनामी, हे कसं ओळखायचं?
— निवृत्त कर्मचारी

उत्तर : ओहोटीला सहा तास लागतात. तक्त्यात ओहोटी नसताना काही मिनिटांत तळ उघडा पडला, किंवा पाणी उकळल्यासारखं फेसाळलं, किंवा उभं राहता येणार नाही असा भूकंप जाणवला, तर कोणाची वाट न बघता उंचावर चढा. उघड्या पडलेल्या माशांकडे बघायला थांबू नका. २६ डिसेंबर २००४ ला थायलंडमधल्या फुकेतच्या माइखाओ किनाऱ्यावर टिली स्मिथ या दहा वर्षांच्या इंग्रज मुलीने पाणी फेसाळताना पाहिलं. दोनच आठवड्यांपूर्वी भूगोलाच्या तासाला ती हे शिकली होती. तिने हट्टाने आईवडिलांना सांगितलं आणि किनाऱ्यावरची शंभरेक माणसं वाचली. एक लक्षात ठेवा, प्रत्येक त्सुनामीत पाणी आधी मागे जातंच असं नाही, आणि पहिली लाट सगळ्यात मोठी असतेच असंही नाही. तासाभराने ‘संपलं’ म्हणून खाली उतरू नका.

प्रश्न : ताई, तुमचा फळ्याचा उल्लेख दोनदा वाचला. आमच्या गावालाही किनारा आहे. असा फळा सुरू करायचा तर काय काय लिहावं?
— एक वाचक

उत्तर : आता सगळ्यांच्या फोनवर सगळं असतं, मग फळा कशाला, असं तुम्हाला दहा जण म्हणतील. फोनमध्ये बघणारा त्याला जे शोधायचं तेच बघतो. फळ्यापुढून जाणाऱ्याला, त्याने न शोधलेलंही दिसतं. बाहेरगावचा पाहुणा कार्यक्रमाची वेळ बघायला थांबतो आणि ओहोटी वाचून जातो.

वाट किनाऱ्याकडे जिथे उतरते तिथे, डोळ्यांच्या उंचीला लावा. पहिली ओळ भरती-ओहोटी, वेळ आणि मीटर दोन्ही. दुसरी वारा आणि लाटांचा इशारा असेल तर तो. भारताच्या किनाऱ्यांसाठी हैदराबादची इन्कॉइस संस्था तो देते. तिसरी ओळ ‘आज इथे उतरू नका’, जागेसकट. मग बोटी, सभा, हरवलं-सापडलं, कार्यक्रम. कोण गेलं ते शेवटी, वेगळ्या चौकटीत. ‘सुमारे’, ‘संध्याकाळच्या सुमारास’ असले शब्द वेळेपुढे नकोत. कालची वेळ पुसल्याशिवाय आजची लिहू नका, वर रेघ मारून तर मुळीच नाही. खाऱ्या हवेत खडू ओघळतो, म्हणून वर हातभर छप्पर करा आणि पहिल्या ओळीचे शब्द पांढऱ्या ऑइलपेंटने कायमचे रंगवून घ्या. खडूने फक्त आकडे भरायचे. आणि आकड्यांच्या उजवीकडे दोन छोट्या रिकाम्या चौकटी ठेवा. एकीत लिहिणाऱ्याची सही, दुसरीत वाचून खात्री करणाऱ्याची.